साबण तोच

वहीत सात रकाने होते. तारीख, जेवण, कपडे, साबण, काम, झोप, आणि शेवटचा अरुंद रकाना आकड्याचा. शून्य म्हणजे कातडी स्वच्छ. एक म्हणजे नुसती खाज, दोन म्हणजे लाल चट्टे, तीन म्हणजे भेगा, चार म्हणजे भेगांतून रक्त आणि पाच म्हणजे लस वाहणं. सहा महिन्यांत पाचाचा आकडा अकरा वेळा आला. साबणाच्या रकान्यात मात्र पहिल्या पानापासून एकच शब्द होता: तोच.

वही लिहिणारी बाई बाइंडिंगच्या कारखान्यात कामाला होती. वय एकेचाळीस, नोकरी अठरा वर्षांची. सगळ्यांत शेवटी रुजू झाली म्हणून तिला तिथे धाकटी म्हणत. तिच्यानंतर कुणी आलंच नाही, त्यामुळे ते नाव तिला चिकटून राहिलं. इसब तिला लहानपणी होतं, मग गेलं, आणि अडतिसाव्या वर्षी न बोलावता परत आलं. आधी कोपरांच्या आतल्या घडीत, मग मानेवर, मग पापण्यांवर, शेवटी बोटांवर.

बोटांवर आलं तेव्हा प्रश्न नोकरीचा झाला. कारखान्यातले मुख्य कारागीर काका खिडकीपाशी बसून चामडी पुठ्ठ्यांवर सोन्याची अक्षरं उठवत. पितळी ठसा तापवून आधी कोरं अक्षर दाबायचं, त्यावर सोन्याचा वर्ख ठेवायचा आणि तोच ठसा त्याच खाचेत पुन्हा दाबायचा. केसभर हललं की वर्ख फाटतो. काकांचा उजवा डोळा गेला होता आणि डाव्याला डॉक्टरांनी वर्षाची मुदत दिली होती. ती जागा द्यायची तर शिकवून द्यायची, आणि शिकवायलाही डोळा लागतो. काकांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "खिडकी धाकटीची."

खिडकीच्या शेजारी वीस वर्षं बसलेली चष्मेवाली तेव्हा म्हणाली होती, "असू दे की. मी आपली चष्म्याला उजेड लागतो म्हणून बसते इथे. दुसरं काही मनात नाही माझ्या." ते कुणालाच खरं वाटलं नव्हतं.

अठरा वर्षांत धाकटीने दुसरं काही मागितलं नव्हतं. तिला ती खिडकी हवी होती. पण भेगा पडलेल्या बोटाला वर्ख चिकटतो, आणि रक्ताचा डाग चामड्यातून निघत नाही.

त्वचेच्या डॉक्टर कमी बोलणाऱ्या बाई होत्या. "बरं करून द्या म्हणून येऊ नका," त्या म्हणाल्या. "सांभाळायला शिकवा म्हणून या. हे कशानं उठतं ते कळलं की अर्धं काम झालं." मग त्यांनी विचारलं, कपडे कशाने धुता? पातळ साबणाने, म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. तो साबण नासू नये म्हणून त्यात एक औषध घालतात, ते काही जणांच्या कातडीला अजिबात चालत नाही. खात्री करायची तर पाठीवर औषधाच्या पट्ट्या चिकटवून बघावं लागेल आणि त्या चाचणीचा नंबर सहा महिन्यांनी लागेल. "तोवर वही लिहा. आणि हा साबण आजच बदला. ते औषध नसलेला मिळतो." शिवाय मलम दिलं आणि झोपताना मलमावर सुती हातमोजे घालायला सांगितले.

घरी धुणं नवरा धुवायचा. तिचे हात पाण्यात घालायचे नाहीत म्हणून दोन वर्षांपासून धुणंभांडी त्यानेच अंगावर घेतली होती, कुरकुर न करता. तिची मोठी बहीण, ताई, दर भेटीत विचारायची, "हा नवरा शोधलास की ऑर्डर देऊन घडवून घेतलास?"

तो रंगाच्या कंपनीत तपासनीस होता. लोखंडी पत्र्यांवर रंग लावून ते गच्चीवर ऊनपावसात ठेवायचे, दर आठवड्याला पापुद्रे मोजायचे, शेजारी एक पत्रा झाकून ठेवायचा आणि त्याच्याशी ताडून बघायचं, हे त्याचं काम. वहीचे रकाने त्यानेच आखून दिले. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची," त्याने बजावलं. "दोन बदलल्यास तर कशाने काय झालं, ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही."

नवा साबण आला. दिसायला जुन्यासारखाच, पाण्यासारखा, बिनवासाचा. दर शनिवारी संध्याकाळी ती वही घेऊन बसे आणि तो कपड्यांच्या घड्या घालत असे.

"साबण तोच ना?"

"तोच."

पहिले सहा आठवडे आकडा तीनच्या खाली आला नाही. तिने समासात लिहिलं, साबणाचा संबंध नसावा. सातव्या आठवड्यात तिने अंडी सोडली आणि आकडा उतरू लागला. नवव्याच्या शेवटी शून्य. तिने हात उन्हात धरून काकांना दाखवले. काकांनी डावा डोळा बारीक करून बघितले आणि म्हणाले, "कातडं पुस्तकाचं असो नाहीतर तुझं, रोज तेल मागणारच. चोळत जा."

दहाव्या आठवड्यात एका वकिलाच्या कचेरीचं चाळीस खंडांचं काम आलं, सगळं चामड्याचं. तीन आठवड्यांत आकडा चारवर गेला. काकांनी तिला चामड्यावरून उठवून कागद आणि दोऱ्याच्या कामाला बसवलं. आकडा उतरला. सोळाव्या आठवड्यात ती परत चामड्याला बसली. आधी चार, मग पाच. डाव्या अंगठ्याची भेग इतकी खोल गेली की तिला सुई धरता येईना.

"अंडी नव्हेत," ती नवऱ्याला म्हणाली. "चामडंच आहे. चामडं हातात आलं की उठतं, सुटलं की जातं. हाताच्या काकणाला आरसा कशाला?"

तो घड्या घालत होता. "घाई करू नको," एवढंच म्हणाला.

घाई काकांच्या डोळ्याला होती. एकोणिसाव्या आठवड्याच्या सोमवारी, कामावर निघताना, तिने काकांना लिहिलेलं पत्र त्याला वाचून दाखवलं. तो बुटाची नाडी बांधत होता. कातडीच्या आजारामुळे मी खिडकीची जागा कायमची सोडत आहे, असं त्यात होतं.

त्याची नाडी अर्धीच राहिली. "कायमची काढ. सध्या लिही."

"सध्या कशाला? त्यांना काय ते एकदाच कळू दे."

"लिही गं. दार उघडं राहतं."

तिला भरून आलं. आपल्यापेक्षा याला आपली जास्त आशा आहे, असं वाटलं. तिने शब्द बदलला.

काकांनी पत्र डोळ्याजवळ नेऊन वाचलं. "सध्या म्हणजे किती? महिना? वर्ष? या डोळ्याला सध्या-बिध्या कळत नाही, बाई." तिने त्यांच्या कानावरची पेन्सिल मागून घेतली आणि तो शब्द खोडला. दुसऱ्या दिवशी चष्मेवाली खिडकीत बसली.

धाकटीला दाराजवळच्या टेबलावर बसवलं. येणाऱ्याचं पुस्तक घ्यायचं, काय मोडलंय ते चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी पुस्तकात खोचायची. आकडा उतरत गेला आणि एकविसाव्या आठवड्यात शून्य झाला. सगळे म्हणाले, वेळेवर सोडलंस. तीही तेच म्हणू लागली होती, कारण दुसरं काही म्हटलं असतं तर दाराजवळ दिवस काढणं कठीण होतं.

बाविसाव्या आठवड्यात परत उठलं.

आता चामडं नव्हतं, सरस नव्हता, धूळही नव्हती. तरी मान, पापण्या, कोपरं आणि बोटं, सगळीकडे एकदम. तिने दूध सोडलं. लोकरीचं पांघरूण कपाटात टाकलं. चहा सोडला. ताई फोनवर म्हणाली, "आता राहिलाय फक्त श्वास. तो नको सोडू." चोविसाव्या आठवड्याच्या शुक्रवारी पापण्या इतक्या सुजल्या की चिठ्ठीवरची अक्षरं दिसेनात. ती लवकर घरी आली आणि न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून रडली. खिडकी गेली होती आणि ती ज्यासाठी सोडली ते इसब घरातच होतं. नवऱ्याने गार पाण्यात फडकं पिळून तिच्या डोळ्यांवर धरलं. फडकंही त्यानेच धुतलेलं होतं.

रविवारी दुपारी जेवणं होत आली असताना तो उठला, हात धुतले आणि आतल्या खोलीतून एक वही घेऊन आला. हिरव्या कापडी पाठीची. अशा वह्या तीच त्याला बांधून द्यायची, उरलेल्या कागदाच्या.

"एक चांगली बातमी आहे," तो म्हणाला. "साबणच आहे."

"काय साबण?"

"तुझं इसब. डॉक्टर म्हणाल्या ते बरोबर निघालं. तीन फेऱ्या घेतल्या, तिन्हींत तेच आलं. आता शंका उरली नाही."

तिला आधी कळलंच नाही. त्याने वही उघडून तिच्याकडे फिरवली. डावीकडे आठवडे, उजवीकडे दोनच अक्षरं आलटून पालटून, जु आणि न. जुना आणि नवा. त्यापुढे तिचेच आकडे, तिच्या वहीतून उतरवलेले.

तिने चमचा खाली ठेवला, आपली वही आणली आणि त्याच्या वहीशेजारी उघडून ठेवली.

"पहिले सहा आठवडे?"

"जुनाच होता. नव्या बाटलीत. तुला नवा वाटत होता तरी उतरलं नाही. म्हणजे मनाचा भाग नव्हता, हे आधी पक्कं झालं."

"मनाचा भाग आहे असं तुला वाटत होतं?"

"मला काहीच वाटत नव्हतं. म्हणून तर तपासलं."

"सातव्यात अंडी सोडली तेव्हा?"

"तेव्हा खरा नवा सुरू केला. अंड्यांचा काही संबंध नाही. तू खाऊ शकतेस." हे त्याने आनंदाने सांगितलं.

"दहाव्यात, वकिलाचे खंड आले तेव्हा?"

"परत जुना. चामड्याचं काम तेव्हाच आलं, तो योगायोग. दोन्हीदा आला. त्यामुळे मलाही जरा घोळ वाटला."

ती रकान्यांवरून बोट फिरवत होती. बोटाला भेग होती आणि ती कागदाला अडकत होती.

"मी दर शनिवारी विचारत होते. साबण तोच ना? तू म्हणायचास, तोच."

"बाटली तीच होती."

"मी बाटलीचं विचारलं नव्हतं."

"अगं, तुला सांगितलं असतं तर सगळं फुकट गेलं असतं. ज्याची तपासणी करायची त्याला सांगत नाहीत. आम्ही काय पत्र्याला विचारतो..." तो थांबला. "तसं नाही म्हणायचं मला."

"हातमोजे?"

"सगळं एकाच धुण्यात जायचं. ते वेगळे काढले असते तर दोन गोष्टी बदलल्या असत्या."

मलम लावून, हातमोजे घालून, बोटं वाचावीत म्हणून ती सहा महिने झोपत होती. तिने विचारलं, "दुसरी फेरी कधी संपली?"

त्याने तारीख दाखवली. अठराव्या आठवड्याचा रविवार. तिने आपल्या वहीचं पान उलटलं. दुसऱ्या दिवशीच्या रकान्यात तिच्या अक्षरात लिहिलं होतं: पत्र दिलं.

"म्हणजे मी पत्र वाचून दाखवलं तेव्हा तुला माहीत होतं."

"दोनदाच आलं होतं तोवर. तीनदा आल्याशिवाय आम्ही निकाल धरत नाही. आणि म्हणूनच तर तुला म्हटलं, सध्या लिही."

त्या घरात सहा महिन्यांत जे जे झालं त्यात ती हा एक शब्द जपून ठेवत आली होती. दाराजवळच्या टेबलावर बसून, चिठ्ठ्या लिहिताना, तो आठवायची. तो शब्द आशेपोटी आलेला नव्हता. त्याला माहीत होतं.

"आणि बाविसावा?" ती म्हणाली. "तोवर खिडकी गेली होती. कातडी स्वच्छ झाली होती. तरी जुना घातलास."

"फेरी पुरी व्हायला दोन्ही बाजू लागतात," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली गेला.

केसाने गळा कापला असं म्हणतात तेव्हा कापणारा बहुधा वैरी असतो. इथे त्याच गळ्याला सकाळ-संध्याकाळ मलम त्यानेच लावलं होतं, आणि सहा महिने ताकाला तूर लागू दिली नव्हती. ती ओरडली नाही. तिने दोन्ही वह्या मिटल्या आणि दोन्ही स्वतःच्या पिशवीत टाकल्या.

सोमवारी डॉक्टरांनी त्याची वही चष्मा पुसून, पान न् पान वाचली. "फार शिस्तीचं काम आहे हे. कुणी केलं?"

"रंगाच्या कंपनीतल्या एका तपासनिसाने."

"ओळखीचे आहेत?"

"आहेत असं वाटत होतं."

डॉक्टरांनी वर पाहिलं. "तुमची परवानगी घेतली होती?"

"नाही. काल दुपारी कळलं."

डॉक्टरांनी वही मिटून तिच्याकडे सरकवली. "मग ही मी तुमच्या कागदपत्रांत लावणार नाही. पट्ट्यांचा नंबर पुढच्या आठवड्यात आहेच, त्यातून काय ते ठरवू." मग त्यांनी कामाची चौकशी केली. कारखान्यात तयार गोंद वापरतात का? त्यातही हेच औषध असतं. नाही, ती म्हणाली, खळ रोज सकाळी शिजवतात, उरलेली संध्याकाळी फेकतात. सरसही तिथेच वितळवतात. डॉक्टरांनी एका कागदावर लिहून दिलं की कामाच्या वस्तूंचीही चाचणी होईल, पण सध्या तरी काम सोडण्याचं कारण दिसत नाही. त्यातला सध्या तिने दोनदा वाचला.

तो कागद घेऊन ती काकांपुढे उभी राहिली. काकांनी तो वाचलाच नाही, हातात धरून ठेवला. तिने सगळं सांगितलं. पहिली फेरी, दुसरी फेरी, तिसरी फेरी. सांगताना ते कुणा परक्या बाईचं वाटत होतं.

"काट्याचा नायटा केला की त्याने," काका म्हणाले. "पण मी तिला शब्द दिलाय."

"तो मलाही दिला होता."

"तू परत केलास. माझ्याच पेन्सिलीने."

खिडकीतून चष्मेवाली मान वर न करता म्हणाली, "उठू का मी? सांगा तसं. सहा आठवड्यांत ही बोटं भाजून घेतलीत, ती कुणाच्या नावावर मांडू तेवढंही सांगा." तिने डावा हात वर धरला. तीन बोटांवर फोडांचे गोल डाग होते.

"दोघींना शिकवायला मला दोन डोळे नाहीत," काका म्हणाले. "एक आहे, तोही पाहुणा. हे बघ धाकटे. ग्रंथालयाचा मोठा ग्रंथ आलाय, एका घराण्याच्या वंशावळीचा. तो ती एकटीने करणार. साधला तर खिडकी तिची, मी परत तोंड उघडणार नाही. बिघडला तर आपण बोलू. तोवर शिवणीला बस."

शिवणीची चौकट खिडकीपासून दोन हातांवर होती. ती बसली.

घरी नवरा तिची वाट बघत उभाच होता. "मी येतो काकांकडे," तो म्हणाला. "वही दाखवतो, समजावून सांगतो. त्यांना पटेल."

"त्यांना पटलंय. जागा भरलीय."

तो खुर्चीत बसला. "दुसऱ्या फेरीनंतर सांगायला हवं होतं. ते चुकलं माझं."

"पहिल्या फेरीआधी विचारायला हवं होतंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो म्हटलं असतं. कोणत्या आठवड्यात कोणता साबण ते सांगू नको, म्हटलं असतं. एवढंच सांग की फेऱ्या चालू आहेत. तुझ्या नियमात बसलं असतं ते. आणि मी ते पत्र लिहिलं नसतं."

हे त्याला सुचलंच नव्हतं. ते त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. तिला राग आला तो तेव्हा. वेळ नव्हता असं नाही, मार्ग नव्हता असंही नाही; तिला विचारता येतं, ही गोष्टच त्याच्या डोक्यात आली नव्हती.

तिने दोन पिशव्या भरल्या आणि ताईकडे गेली. ताईने दार उघडलं, पिशव्या बघितल्या, सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "मारलं नाही, पिऊन आला नाही, दुसरी बाई नाही. लोकांना सांगू काय मी? साबण बदलला म्हणून बहीण आली?"

"साबण बदलला नाही म्हणून."

ताईला हसू आवरेना, मग धाकटीलाही. हसता हसता तिची मान ताणली आणि भेग फुटली. ताईने हसणं थांबवलं. "राहा," ती म्हणाली. "जावईबापू आले तर दारातूनच विचारेन, आज कोणती बाटली म्हणून."

पट्ट्यांच्या चाचणीत तेच निघालं. साबण टिकवणाऱ्या औषधाच्या पट्टीखाली पाठीवर रुपयाएवढा लाल चट्टा उठला. चामडं, खळ, सरस यांच्या पट्ट्यांखाली काही नाही. नवऱ्याने निरोप पाठवला, निकाल काय? तिने एका शब्दात कळवला. त्याला तो कळवायलाच हवा, असं तिला वाटलं. का, ते तिने स्वतःला विचारलं नाही. बाकी निरोपांना उत्तर दिलं नाही. ताईकडे कपडे ती स्वतः यंत्रात टाकायची आणि साबण स्वतः मोजून घालायची. तिसऱ्या आठवड्यात आकडा शून्यावर आला आणि तिथेच राहिला.

वंशावळीचा ग्रंथ त्याच आठवड्यात चष्मेवालीच्या टेबलावर आला. गडद तपकिरी चामडं, पाठीवर घराण्याचं आडनाव, मोठ्या अक्षरांत. ग्रंथालयाचे लोक दुपारी बघायला येणार होते. काका भिंतीशी डोळ्यांवर ओलं कापड ठेवून पडले होते. चष्मेवालीने सकाळभर कोरी अक्षरं दाबली, एक झालं की श्वास सोडून दुसरं. मग तिने ठसा तापायला ठेवला आणि वर्खाची वही उघडली.

धाकटीने सुई ओढताना मान वळवली आणि तिला दिसलं. आडनावात एक अक्षर कमी होतं. शेवटून दुसरं. समोरच्या चिठ्ठीवर बरोबर लिहिलेलं होतं, दाबताना सुटलं होतं. कोरी खाच असेतोवर चामडं ओलं करून ती बुजवता येते. एकदा तापल्या ठशाखाली वर्ख बसला की नाही.

तिने सुई पुढच्या भोकात घातली. दोरा ओढला. आणखी एक टाका घातला. चष्मेवालीने वर्खाचं पान ब्रशवर उचललं, श्वास कोंडून ते पाठीवर आणलं आणि सोडलं. सोनं अक्षरांवर पडलं, जरा थरथरलं आणि निजलं. चष्मेवालीने हात ठशाकडे नेला.

"थांब," धाकटी म्हणाली. "अक्षर सुटलंय. आडनावात."

चष्मेवाली ठशाच्या मुठीवर हात तसाच ठेवून थांबली. मग तिने चिठ्ठी ओढली आणि वर्खाखालची अक्षरं बोट न लावता मोजली. दोनदा मोजली. ठसा तिने शेगडीवरून बाजूला ठेवला.

"कधीपासून दिसतंय तुला?"

"आत्ताच."

"आत्ता म्हणजे?"

धाकटीने सुई कापडात टोचून ठेवली. "तू ठसा तापायला ठेवलास तेव्हापासून. दोन टाके झाले."

"दोन टाके काय करत होतीस?"

"विचार."

भिंतीशी काकांनी डोळ्यांवरचं कापड काढलं नाही, पण ते जागे होते हे दोघींना कळलं. चष्मेवालीने चष्मा काढून पदराने पुसला. तिचा चेहरा घामाने ओला झाला होता. तिने फुंकर मारून वर्ख उडवला, स्पंज पाण्यात बुडवून पिळला आणि खुर्ची थोडी बाजूला सरकवली.

"ये इकडे. पाठ ताणून धर. मला एकटीला जमायचं नाही, आणि ते लोक दोनला येतायत."

धाकटी उठून खिडकीपाशी गेली आणि दोन्ही अंगठ्यांनी चामडं ताणून धरलं. चष्मेवाली स्पंज टेकवत गेली. पाणी आत मुरलं तशी दाबलेली अक्षरं हळूहळू फुगली, वर आली आणि सपाट झाली.